कानावर घातलं होतं, साहेब

मार्चअखेरीला आमच्या कारखान्यात अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म भरायचे असत. एका ऑपरेटरच्या फॉर्मवर सलग तीन वर्षं एकच शेरा आहे : ‘कम्युनिकेशन स्किल्स सुधारणे आवश्यक.’ शेरा लिहिणारा मीच. हा माणूस जुन्नरकडचा, आयटीआय केलेला, सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, पंधरा वर्षं काढलेला. मशीनच्या आवाजावरून त्याला आतलं दुखणं कळायचं. मीटिंगला मात्र भिंतीला टेकून उभा राहायचा आणि काही विचारलं तर ‘ठीक आहे सर’ यापलीकडे जायचा नाही. एका सोमवारी पहिल्या पाळीला तो माझ्याजवळ आला. म्हणाला, ‘साहेब, तीन नंबरचा आवाज जरा वेगळा वाटतोय.’ माझ्या एका कानाला फोन होता. मी म्हणालो, ‘बघू.’

बुधवारी रात्रपाळीत तीन नंबरच्या मशीनचं स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा, जाम झालं. मशीन नऊ दिवस बंद. ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून भोसरीतल्या दोन लहान शॉपमधून जादा पैसे मोजून जॉब, म्हणजे सुटे भाग, करून घेतले. चौकशीच्या वेळी मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, ‘आधी सांगायला काय झालं होतं?’ तो खाली बघत, पण अजिबात न अडखळता म्हणाला, ‘कानावर घातलं होतं, साहेब.’

सांगणं आणि कानावर घालणं यांत मराठी माणूस बरोबर फरक करतो. सांगितलं की सांगणाऱ्यावर काही येतं : पुरावा द्या, पाठपुरावा करा, चुकलं तर ऐकून घ्या. कानावर घातलं की तो मोकळा. ऐकणाराही मोकळाच, कारण त्याच्यापाशी रीतसर काही आलेलंच नसतं. बातमी मात्र दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते, स्पिंडल जाम होईपर्यंत. नंतर आठवायला लागलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या वीसेक वर्षांच्या नोकरीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गोंधळाच्या आधी कुणी ना कुणी, कुठे तरी, ते कुणाच्या तरी कानावर घातलेलं होतं.

आता त्या शेऱ्याकडे परत येतो. संवादकौशल्य कुणाचं कमी पडलं होतं? माझ्या मते माझं. पण तसा शेरा लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. आपल्याकडे ‘लीडरशिप आणि कम्युनिकेशन’ या नावाखाली जे काही शिकवलं जातं, त्याची सगळी गोम इथेच आहे. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस, रंगीत चिठ्ठ्या, डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या हातांवर मागे पडायचा खेळ, रात्री पनीर. अशा निदान सहा कार्यशाळा मी केल्या आहेत आणि डबेवाल्यांची गोष्ट त्यांपैकी चार ठिकाणी ऐकली आहे. त्या बिचाऱ्यांनी आजवर डब्यांपेक्षा स्लाइडच जास्त वाहिल्या असाव्यात. शिकवतात ते सगळं बोलणं : उभं कसं राहावं, नजर कुठे ठेवावी, ‘नाही’ गोड शब्दांत कसं म्हणावं. खालच्याने काही सांगितल्यावर वरच्याने पुढच्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं, हे एकाही ठिकाणी कुणी शिकवलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कामाच्या ठिकाणचा संवाद खालच्याला बोलता येत नाही म्हणून क्वचित बिघडतो, वरच्याला ऐकून घेता येत नाही म्हणून पुष्कळदा. आणि हे ऐकून घेणं म्हणजे कुणाचा चांगला स्वभाव नव्हे. ती एक लावायची व्यवस्था आहे.

ही गोष्ट विमानवाल्यांना सगळ्यांत आधी कळली, कारण त्यांच्या चुका मोजता येतात. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाणासाठी धावपट्टीवर वेग घेणाऱ्या केएलएम या डच विमान कंपनीच्या विमानाचा कॅप्टन हा कंपनीच्या जाहिरातीत फोटो छापला जाणारा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोर पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय, ही शंका त्याच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरला आली आणि त्याने ती प्रश्नाच्या रूपात बोलूनही दाखवली. कॅप्टनने ठासून सांगितलं की गेलं आहे. विषय तिथे मिटला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाचं चाक नीट उतरलं की नाही या चिंतेत कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिला. इंधन संपत चाललंय हे बाकीच्यांना दिसत होतं, ते बोललेही, पण हळू आवाजात, कॅप्टनच्या विचारात व्यत्यय येणार नाही अशा बेताने. इंजिनं बंद पडली, विमान शहराच्या वस्तीत कोसळलं, दहा जण गेले.

यानंतर १९७९ मध्ये नासाने एक परिषद घेतली आणि त्यातून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागावं याचं एक शास्त्रच उभं राहिलं. आज त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. ते नुसतं सहवैमानिकाला ‘धीट हो’ सांगून थांबत नाही. कॅप्टनला त्यात सांगितलेलं असतं की समोरच्याने शंका काढली की हातातलं थांबव आणि तिला उत्तर दे. १९८९ साली अमेरिकेतल्या सू सिटीला युनायटेडच्याच एका विमानात याची परीक्षा झाली. शेपटीतलं इंजिन फुटून विमान वळवणारी-वरखाली करणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली होती. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये घेतलं आणि चक्क थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, त्याच्या हातात दिले. जे विमान चालवणंच शक्य नव्हतं त्यातले १८४ लोक वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले की हे माझ्या एकट्याच्या कौशल्याने झालेलं नाही.

पण आपल्याजवळचं उदाहरण मंगळुरूचं आहे, आणि ते माझ्या मुद्द्याला जास्त झोंबतं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं विमान टेकडीवरच्या त्या धावपट्टीवर फार उंचावरून आणि फार वेगाने उतरायला लागलं. सहवैमानिकाने कॅप्टनला ‘गो अराउंड’ म्हणजे उतरू नका, वर घ्या, असं एकदा नाही, तीनदा सांगितलं. १५८ लोक गेले, आठ वाचले. आता या सहवैमानिकाच्या अप्रेझल फॉर्मवर काय लिहाल? शब्द नेमका होता, वेळेवर होता, ठरलेल्या भाषेत होता, आणि तीनदा होता. संवादकौशल्याच्या कुठल्याही वर्गात हा मुलगा पहिला आला असता. दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोडला तसल्याच टेकडीवरच्या धावपट्टीवर, पावसात, पुन्हा सहवैमानिकाकडून ‘गो अराउंड’ आलं आणि पुन्हा ते अमलात आलं नाही. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. तिथले कॅप्टन वायुदलात नावाजलेले, अतिशय अनुभवी होते. अनुभव माणसाला बहिरं करू शकतो, हे म्हणताना मला स्वतःलाच कसंसं होतं, कारण मीही अनुभवी आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००३ च्या जानेवारीत नासाचं कोलंबिया अवकाशयान उडालं, त्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर दीडेक मिनिटात इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. काही इंजिनियरांना काळजी वाटली. पंखाचे फोटो मिळवा अशी मागणी त्यांनी केली, ती फेटाळली गेली. त्यांच्यातल्या एकाने मग कळकळीची ईमेल लिहिली. तिच्यात असं होतं की आपल्याकडे भिंतीभिंतीवर ‘सुरक्षित नसेल तर तसं सांगा’ अशी पोस्टर लावलेली आहेत, आठवतात ना? हे तितकंच गंभीर आहे. ती ईमेल त्याने सहकाऱ्याला दाखवली, वरच्यांना पाठवली नाही. सांगण्याची आज्ञा देणाऱ्या पोस्टरचा दाखला देणारी ईमेल, आणि तीच पाठवायचा धीर झाला नाही. १ फेब्रुवारीला यान परतताना आकाशात तुटलं.

आपल्याकडे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी कारखान्याच्या गेटपाशी उभं राहून हात पुढे करून शपथ घ्यायची, बिल्ला लावायचा, घोषवाक्य स्पर्धेतल्या पहिल्या तिघांना स्टीलचे डबे. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्या कामगाराला ‘इथे जिवाला धोका आहे’ असं वर कळवण्याचा हक्कच मिळाला. कळवल्यावर मालकाने ताबडतोब उपाय करायचा आणि निरीक्षकाला अहवाल धाडायचा, हेही त्यात आलं. कायद्याने तोंड उघडण्याचा हक्क द्यावा लागला, यावरूनच ते किती बंद असतं हे कळतं. शपथ मी पंधरा-वीस वेळा घेतली असेन. या हक्काबद्दल कामगारांना मराठीत समजावून सांगताना मी एकाही सुरक्षा अधिकाऱ्याला पाहिलेलं नाही.

खालच्या माणसाचं बोलणं असं दबकं का होतं, हे त्याच्या शब्दांतच दिसतं. ‘जरा’ घ्या. आवाज जरा वेगळा येतोय, तेल जरा गळतंय, वायर जरा गरम लागतेय. वरिष्ठापुढे मराठी माणूस ‘जरा’शिवाय वाईट बातमी उच्चारत नाही. त्या ‘जरा’चा अर्थ किंचित असा नसतो. ‘तुम्ही रागावणार नसाल तर पुढचं सांगतो’ असा असतो. ‘वाटतंय’चंही तेच. पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्याला वाटत नसतं, कळलेलं असतं. आणि चूक झाल्यावरची क्रियापदं बघा : राहून गेलं, तुटलं, सुटलं, निघून गेलं. कर्ता गायब. साहेब लोक यावर वैतागतात की ही माणसं जबाबदारी घेत नाहीत. मीही वैतागायचो. मग कधीतरी लक्षात आलं की आमचा पहिला प्रश्न कायम ‘कुणी केलं?’ असा असतो. ‘कसं झालं?’ हा प्रश्न आला तर चौथा-पाचवा, तोपर्यंत समोरचा व्याकरणाच्या मागे लपलेला असतो. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे शहाणपण ज्याने शोधून काढलं त्याने एकदा तरी लाथ खाल्लेली असणार.

याच्या जोडीला इंग्रजी. महाराष्ट्रात ‘कम्युनिकेशन सुधारा’ याचा व्यवहारातला अर्थ इंग्रजी सुधारा असाच होतो. बसस्टॉपमागच्या स्पोकन इंग्लिशच्या पाट्या साक्षीला आहेत. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत सकाळची आढावा बैठक बघा. प्लांट हेड दुसऱ्या राज्यातला, ग्राहकाचा माणूस समोर, म्हणून सगळं इंग्रजीत. रिजेक्शन का वाढलं हे ज्याला ठाऊक असतं तो डिप्लोमावाला पोरगा मनातल्या मनात वाक्य जुळवत असतो. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. वाक्य जुळलेला दुसरा कुणी, ज्याने ती लाइन आठवडाभर पाहिलेली नाही, तो कारण सांगून मोकळा होतो आणि तेच मिनिट्समध्ये जातं. बाईंनी सांगितलेला मुद्दा सरांनी पुन्हा सांगितला की तो सरांच्या नावावर लागतो, हा त्यातलाच उपप्रकार. आता लाइनवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची पोरंही खूप आहेत, तेव्हा ‘मराठीत बोला’ एवढ्यानेही भागत नाही. आमचे मराठी सुपरवायझर जी हिंदी बोलतात ती ऐकून त्या पोरांना हसू आवरत नाही, आणि हसणं दाबलेला माणूस प्रश्न विचारत नाही. कामाची बैठक कामाच्या भाषेत घ्यावी आणि इंग्रजी सारांश नंतर एकाने लिहावा, यात अवघड काय आहे मला कळत नाही. अवघड एवढंच की त्यात साहेबाला समजायला कष्ट पडतील.

व्हॉट्सअ‍ॅपने हे सगळं सोपं केलं असं म्हणतात. आमच्या ग्रुपवर रात्री अकराला सूचना पडायची आणि दहा मिनिटांत चाळीस अंगठे. एकदा मी मुद्दाम चुकीचं टॉर्क मूल्य (बोल्ट किती जोराने आवळायचा ते) टाकून पाहिलं, सकाळी पाळी सुरू होण्याआधी दुरुस्त करायचं ठरवून. अडतीस अंगठे आणि दोन ‘नोटेड सर’.

आदेश कसा द्यावा याचा नमुना आपल्याच दप्तरांत पडून आहे. शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं पत्र आपल्याला ‘भाजीच्या देठा’पुरतं माहीत असतं. मी ते बऱ्याच उशिरा पूर्ण वाचलं, आणि वाचलं ते मॅनेजर म्हणून. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेकडे हात घालाल, आधीच गांजलेली रयत पळून जाईल, मोगल बरे म्हणेल. पुढे तर कमालच : कुणी आगटी पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, घरात जळता दिवा राहील आणि उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजी पेटतील. हुकूम कडक आहे, त्यात लाडीगोडी नाही. पण प्रत्येक हुकमाला कारण जोडलेलं आहे आणि प्रत्येक कारण छावणीतल्या शेवटच्या माणसाला डोळ्यांसमोर दिसेल असं. आमच्या परिपत्रकात ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ असतं, आणि उंदीर नसतो. मला त्या पत्रात आणखी एक दिसतं. छावणीत दिवे कुठे राहतात आणि वैरण कशी पडलेली असते, इतका तपशील राज्य करणाऱ्या माणसाला माहीत आहे. म्हणजे खालून कुणीतरी तो सांगत असलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याला ‘बघू’ म्हणून परत पाठवलेलं नसणार.

आता नेहमीचा आक्षेप. सगळेच बोलायला लागले तर काम कधी व्हायचं? लोकशाही देशात ठीक आहे, शॉप फ्लोअरवर एकच हुकूम चालला पाहिजे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण सात जणांच्या चर्चेत बुडालेली कामंही पाहिली आहेत. पण बोलू देणं आणि ठरवू देणं या दोन गोष्टी आहेत. कॉकपिटमध्ये आजही हुकूम कॅप्टनचाच चालतो. फक्त अनेक विमान कंपन्यांनी नियम असा केला आहे की उतरताना दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की आधी विमान वर घ्यायचं, वाद जमिनीवर आल्यावर घालायचा. हिशोब साधा आहे. शंका फुकट गेली तर थोडं इंधन आणि पाव तास जातो. शंका खरी असून दाबली तर काय जातं ते मंगळुरूला दिसलं.

टोयोटाने हाच हिशोब कारखान्यात मांडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. भांडणं, गैरहजेरी, टुकार माल यांसाठी बदनाम. १९८२ ला तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला, बहुतांशी तेच कामगार आणि तीच युनियन घेऊन. आधी लाइन थांबवणं हा तिथे जवळजवळ गुन्हा होता. आता प्रत्येकाच्या हाताशी दोरी आली, चूक दिसली की ओढायची. दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो आणि ‘काय झालं’ विचारतो. ठरावीक वेळेत सुटलं नाही तरच लाइन थांबते. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ गेला. पुण्याच्या पट्ट्यातही आता दोऱ्या आणि बटणं सगळीकडे लागली आहेत, त्यांना अँडन म्हणतात. फक्त काही ठिकाणी ते बटण दाबल्यावर येणारा माणूस आधी घड्याळाकडे बघतो. एकदा तसं बघितलं की पुढचे सहा महिने बटण कोणी दाबत नाही आणि आढावा बैठकीत ‘अँडन कॉल घटले’ हे यश म्हणून दाखवलं जातं.

दवाखान्यांतही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक यादी केली आणि दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं. त्या यादीत औषधं, रक्त, स्वॅब मोजणं आहेच. पण एक ओळ अशी आहे की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारलेली सिस्टर नंतर ‘सर, थांबा’ म्हणायची शक्यता वाढते. आपल्याकडे सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांना वर्षानुवर्षं एकाच ऑपरेशन थिएटरात राहूनही नाव नसतं.

स्पिंडलच्या प्रकरणानंतर मी काय केलं, ते सांगतो. मोठं काही नाही. लाइनच्या डोक्याशी एक शंभर पानी वही लटकवली, पेन दोरीला बांधून. तीन रकाने : काय दिसलं, कोण बघणार, काय झालं. कुठल्याही भाषेत, नाव घालून किंवा न घालता. पहिले दोन आठवडे वही कोरी. तिसऱ्या आठवड्यात नोंदी आल्या, त्या सगळ्या चहा पाणचट असल्याच्या आणि संडासाचा नळ तुटल्याच्या. माझे सहकारी म्हणाले, बघा, यांना दुसरं काही सुचत नाही. मलाही तसंच वाटलं. पण नळ बसवून घेतला, दुसऱ्याच दिवशी, आणि तिसऱ्या रकान्यात तारीख घातली. चहावाल्याशीही बोललो (चहा काही फारसा सुधारला नाही, तेही लिहिलं). पाचव्या आठवड्यात पहिली मशीनची नोंद आली : ‘पाच नंबर. चक पकडत नाय नीट.’ त्यांनी नळावर माझी परीक्षा घेतली होती. वाईट बातमी सांगायच्या आधी माणसं लहान बातमी सांगून बघतात, आणि आपण लहान बातमीला हसतो.

हे लिहिताना स्वतःची पाठ थोपटल्यासारखं होतंय, म्हणून पुढचंही सांगायला हवं. वर्षभराने ग्राहकाचं ऑडिट होतं. संगमनेरकडची एक डिप्लोमा ट्रेनी मुलगी पाहुण्यांसमोरच मला म्हणाली, ‘सर, या गेजचं कॅलिब्रेशन मागच्या महिन्यातच संपलंय.’ खरं होतं, ते मोजमापाचं साधन पुन्हा तपासून घ्यायची मुदत उलटली होती. मी काही बोललो नाही, नुसतं तिच्याकडे बघितलं. पुढचे तीन महिने वहीत एकही नोंद नव्हती. कुणी सांगितलं असेल, ते मला माहीत नाही. कारखान्यात साहेबाची नजर दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना कळलेली असते. मी तिची माफी मागितली ती केबिनमध्ये, एकटीला बोलावून. ती सगळ्यांसमोर मागायला हवी होती, कारण बघितलं सगळ्यांसमोर होतं.

म्हणून सतीश धवनांची गोष्ट मला निराळी वाटते. ती आता फॉरवर्डमध्ये फिरून गुळगुळीत झाली आहे. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या भारतीय रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पप्रमुख कलाम होते, पण पत्रकारांपुढे इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः बसले आणि अपयश आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला यश आलं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. कलामांनी हे अनेक भाषणांत सांगितलं, आणि लोक ते मनाचा मोठेपणा म्हणून ऐकतात. मला ती कामाची सोय वाटते. त्या ऑगस्टमध्ये कुणीतरी शांतपणे बसून दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत नेमकं काय बिघडलं हे सांगायला हवं होतं. वरचा माणूस ‘कुणी केलं’ या प्रश्नाच्या आणि आपल्या लोकांच्या मध्ये उभा राहिला नसता, तर तेव्हाही ‘राहून गेलं’ एवढंच ऐकू आलं असतं.

प्रशिक्षणावर कंपन्या खर्च करतातच, तर माझी मागणी अशी की पहिली खुर्ची प्लांट हेडची असावी, आणि रिसॉर्टऐवजी लाइनवर. त्याला महिनाभर एकच गोष्ट मोजायला सांगा : आज मला किती वाईट बातम्या कळल्या, आणि कोणाकडून. शून्य आल्या तर तो सुदैवी आहे असं समजू नका. अप्रेझलच्या फॉर्मवर उलटा रकाना घाला, त्यात खालच्याने वरच्याबद्दल लिहावं की सांगितलेल्याचं काय होतं. ‘बघू’ या शब्दाला तारीख जोडल्याशिवाय तो उच्चारू नये, असा नियम मी स्वतःपुरता केला. निम्म्या वेळा मोडतो.

तो जुन्नरकडचा ऑपरेटर मागच्या दिवाळीनंतर निवृत्त झाला. कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मीही दोन शब्द बोललो, त्यात स्पिंडलची गोष्ट सांगून माझी चूक कबूल केली. लोक हसले, तोही हसला. त्याला बोलायला सांगितलं तर ‘मला काय बोलता येत नाय’ म्हणून नमस्कार करून बसला. मग गेटपर्यंत सोडायला आम्ही चार-पाच जण निघालो, वाट शॉपमधूनच जाते. सात नंबरपाशी तो थबकला, क्षणभर मान तिरकी केली, आणि मशीनवरच्या विशीतल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘बेल्ट बघून घे आजच. गेलाय तो.’ पोराने लगेच मशीन थांबवलं. मी त्याच्या शेजारूनच चालत होतो. मला नाही सांगितलं.